न हसणाऱ्या चेहऱ्याची आई

माझी मुलगी पहिल्यांदा हसली तेव्हा मी बेळगावच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, पापण्यांना चिकटपट्टी लावून पडले होते. पापण्या आपणहून मिटत नव्हत्या, म्हणून पट्टी. ती हसली निपाणीत, माझ्या नणंदेकडे बघून. मला ते हसू दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दाखवण्यात आलं.

हे वाचून कुणी ‘अरेरे’ म्हणणार असेल तर त्यानं इथंच थांबावं. अरेरे मी वर्षभर पुरेसं ऐकलंय. मी हे लिहितेय ते अशा एखादीसाठी, जी आत्ता पलंगावर उताणी पडलीय, जिचं बाळ शेजारच्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर रडतंय, आणि जिला सगळे सांगताहेत की तू फक्त बरी हो, बाळाचं आम्ही बघतो. बाई, तूही बघ. बघायला हातपाय लागत नाहीत.

तळवे

मी सुजाता. बेळगावच्या एका पी.यू. कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. नवरा मिलिंद वीज खात्यात आहे. माझी आई मी शिकत असतानाच गेली, सासूबाई लग्नाआधी गेल्या, म्हणून बाळंतपणाला निपाणीत सासरीच राहिले. घरात सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत राबलेला माणूस. आणि मिलिंदची थोरली बहीण, आक्का. तिचं सासर बेळगावजवळ काकतीला. महिनाभरासाठी म्हणून पिशवी घेऊन आली होती.

मुलगी तीन आठवड्यांची झाली असेल. सकाळी मोरीत उभी राहिले तर तळव्याखाली फरशी आहे की गादी आहे, कळेना. मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. आक्का म्हणाली, “ओल्या बाळंतिणीला अशक्तपणा असतोच गं.” गल्लीतल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दोन दिवसांनी मी पाळण्यातून तिला उचललं आणि गुडघेच गेले. मी भिंतीला पाठ घासत, तिला छातीशी धरून, खाली बसत गेले. ती जागीही झाली नाही. मी मात्र पुन्हा आपल्या बळावर उठले नाही.

त्याच दुपारी चहा ओठाच्या कडेनं ओघळला. मिलिंदनं गाडी काढली. संकेश्वर मागं पडलं तेव्हा मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी हाक मारली, ती आली ‘इलिंद’ अशी. पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘इलिंद’. ओठ एकमेकांना भेटत नव्हते. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला. 

तो दिवस

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. मी वर्गात मुलांना क्रिया आणि प्रतिक्रिया शिकवत आलेली बाई, मला त्या न हललेल्या पायाचा अर्थ डॉक्टर बोलायच्या आत कळला.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. दोन परदेशी माणसांच्या नावांचं जोडनाव आहे, इथं सगळे जीबीएस म्हणतात. शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते, असं त्यांनी मिलिंदला समजावलं. मी मध्येच विचारलं, “आळ?”

डॉक्टरांना कळेना. मिलिंद म्हणाला, “बाळाचं विचारतेय ती.”

“बाळाला याचा काही धोका नाही. आणि तुम्हीही बऱ्या व्हाल, बहुतेक लोक होतात. वेळ लागतो. धीर धरा.”

धीर धरायला माझी हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांचं बाळ कुणासाठी थांबत नाही. मी धीर धरून पडले असते तोवर ते मान धरणार, हसणार, कुशीवर होणार. आणि मी कुठं असणार?

पुढचं फार सांगत नाही. श्वास कमी पडला तेव्हा काही दिवस घशात नळी होती. औषधाच्या बाटल्या चढल्या. तिथं नळीहून वाईट एक गोष्ट होती. मला दूध येत होतं. अंगातलं सगळं बंद पडलं, हे तेवढं चालू राहिलं. छाती दगडासारखी व्हायची. औषधांमुळं ते बाळाला पाठवायचं नाही, असं ठरलं होतं. एक नर्स रोज येऊन, पडदा ओढून, ते पिळून वाटीत काढायची आणि ओतून टाकायची. पट्टीखालून माझ्या डोळ्यांचं पाणी वाहायचं, ते कापसानं टिपत म्हणायची, “अळब्याड्री, अळब्याड्री.” रडू नका. तिला मराठी येत नव्हतं आणि माझ्या घशात नळी होती, तरी त्या सबंध इमारतीत मला खरं समजून घेणारी तीच होती.

मिलिंदनं मोबाईलवर ते पहिलं हसू दाखवलं, तेही असंच एका सकाळी. नर्सनं पट्टी काढली, त्यानं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. आक्का ‘कोण आलंऽ कोण आलंऽ’ करत होती आणि ती बोळक्या तोंडानं सगळा चेहरा उघडून हसत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मिलिंदला वाटलं आनंदाचं आहे. ते रागाचं होतं. ते हसू माझं होतं आणि मला न विचारता खर्च झालं होतं. तेव्हाच ठरवलं, पुढचं काहीही मी मोबाईलवर बघणार नाही.

ती इथंच राहणार

घरी आणलं तेव्हा मान धरता येत होती, हात कोपरापासून थोडे हलत होते, बाकी सगळं दुसऱ्यांनी उचलून ठेवायचं. चेहरा तर साफ सपाट. बाहेरच्या खोलीत माझा पलंग टाकला. बाळाचा पाळणा आतल्या खोलीत.

सगळे बसले होते. आक्कानं विषय काढला. “सुजा, तू निवांत पडून ऱ्हा. पोरीला मी काकतीला न्हेतो. तिकडं माझं घरबी बघून व्हतंय. तू बरी झालीस की आणून सोडतो.”

मिलिंद फरशीकडे बघत होता. त्यावरून समजलं, हे त्याच्याशी आधीच बोलून झालं होतं.

“न्हाय,” मी म्हटलं. “ती इथंच ऱ्हाणार.”

“अगं पण तू तिला घेणार कशी? रडली तर उठणार कशी?”

“इथंच. आझ्या डोळ्यासओर.”

मिलिंद म्हणाला, “सुजाता, तुझ्याच भल्यासाठी...” मी त्याच्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर राग दिसू शकत नव्हता, डोळ्यांत काय दिसलं असेल ते दिसलं.  मग मी जे केलं ते काही शहाणपणाचं नव्हतं. मी ओरडले. शब्द नाही, नुसता आवाज. जेवढा श्वास होता तेवढा. आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. आप्पा उठले, आत गेले, पाळणा दोरीसकट सोडून बाहेर आणला आणि माझ्या पलंगाशेजारी आढ्याला बांधला. म्हणाले, “झालं. आता दोघीबी गप ऱ्हावा.”

 आक्का पदर खोचत उठली. “मग मलाबी हितंच ऱ्हावं लागंल की.” आणि ती राहिली. महिनाभराची पिशवी घेऊन आलेली बाई वर्ष होईतो राहिली, हे मी आत्ता लिहिताना मला पुरतं कळतंय. तेव्हा मी फक्त पाळण्याकडं बघत होते.

नाव

बारसं राहून गेलं होतं. आप्पांनी नाव ठरवलं होतं. “पुनवेला जन्मली. पौर्णिमा.” विहारातल्या लोकांनाही सांगून झालं होतं.

मी म्हणून पाहिलं. “औरणिया.”

मिलिंदला हसू फुटलं, मग तो एकदम थांबला. आप्पा म्हणाले, “तू बरी झाल्यावर म्हणशील की.”

“आणि तोवर? तोवर हाक आरू नको तिला?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दवाखान्यातच मनात नावं चाळून ठेवली होती. ओठ न मिटता, नुसत्या जिभेनं म्हणता येईल असं नाव हवं होतं. म्हटलं, “दीक्षा.” स्वच्छ आलं. महिन्याभरात माझ्या तोंडून इतका स्वच्छ शब्द आला नव्हता. आप्पांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, “शाळेच्या हाजरीत बरं वाटंल.” त्यांना स्वतःला हाजरीत नाव पुकारलेलं फार दिवस ऐकायला मिळालं नव्हतं, दुसरी-तिसरीतच वखारीत गेले होते. पौर्णिमा त्यांनी सोडून दिली. विहारात वंदना झाली तेव्हा मला खुर्चीत बांधून बसवलं होतं. नाव मीच पुकारलं.

त्याच आठवड्यात गल्लीतली एक बाई भेटायला आली. माझ्याकडं बघितलं, पाळण्यात बघितलं, आणि सुस्कारा टाकून म्हणाली, “काय बोलायचं बाई. पोरीचा पायगुण म्हणायचा.”

मी म्हटलं, “तिचे आय अजून टेकलेत कुठं?”

बाईला कळलं नाही. ती आप्पांकडं वळली. आप्पा सुपारी कातरत होते. ते न थांबता मोठ्यानं म्हणाले, “ती म्हणत्या, पोरीचं पाय अजून जमिनीला टेकलेलंच न्हाईत. मग गुण कसला?” ती बाई चहा न घेताच गेली. मिलिंद म्हणाला, शेजार तोडू नका. मी म्हटलं, तोडला तर तोडला.

टॉक्

आता खरं अवघड सांगते.

बाळ माणसाच्या चेहऱ्याकडं बघतं आणि वाट बघतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पलंगावर पडून दिसलं. दीक्षाला माझ्याशेजारी झोपवायचे. ती माझ्याकडं तोंड करायची, भुवया वर करायची, हसायची. आणि थांबायची. माझा चेहरा तसाच. ती पुन्हा एकदा, थोडं कमी हसायची. पुन्हा थांबायची. मग तिची नजर पंख्याकडं वळायची. आतून मी तिच्याहून मोठं हसत होते, पण ते ओठापर्यंत पोचायला रस्ताच नव्हता. काही दिवसांनी ती माझ्याकडं बघून हसायचीच बंद झाली. आक्का आली की हसायची, आप्पांकडं हसायची, भिंतीवरच्या कॅलेंडरकडंसुद्धा हसायची. मला वगळून.

मी त्या दिवसांत मरणाचा विचार केला का? केला. अशा आजारात तो येतो, येऊन बसतो, त्याची लाज वाटून घेऊ नका. मी मिलिंदला तसं सांगितलं. तो माझ्या उशाशी बसून रडला आणि मग फिजिओथेरपीच्या रेणुका मॅडमना त्यानं तेही सांगितलं आणि दीक्षाच्या हसण्याचंही. त्या एक दिवसाआड यायच्या, माहेर हुक्केरीकडचं, मराठी बोलायच्या ती कानडी वळणाची. त्या म्हणाल्या, “ओठ येतात नंतर मॅडम. जीभ आहे की नाही तुमच्याकडे? जीभ वापरा.”

जीभ होती. मी टाळ्याला लावून सोडली. ‘टॉक्.’

दीक्षानं मान वळवली.

‘टॉक्.’

तिनं डोळे मोठे केले. त्या दिवसापासून मी नियम केला. तिची नजर माझ्यावर पडली की टॉक्. प्रत्येक वेळी, न चुकता. ती हसली तर दोनदा. जेवण भरवताना घास तोंडात असला तरी टॉक्. आक्का वैतागायची, “पाल चुकचुकल्यागत काय करत्यास गं.” बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी मी औषध गिळून डोळे उघडले तर ती माझ्याकडंच बघत होती. मी आवाज करायच्या आधीच ती हसली, सगळा चेहरा उघडून, आणि थांबली. वाट बघत. मी टॉक् केलं आणि ती पाय झाडत किंचाळली. या बाईचं हसू कानानं ऐकायचं असतं, हे तिला समजलं होतं. ते मी मोबाईलवर नाही पाहिलं.

पडून काय दिसतं

पडून राहिलेल्या माणसाला वेळच वेळ असतो. मी तिला बघत होते. तिनं स्वतःचा हात शोधून काढला तो दिवस मला आठवतो. मूठ डोळ्यासमोरून गेली, ती दचकली. परत आली. कुणाची वस्तू आहे ही, अशा नजरेनं तिनं तिला न्याहाळलं आणि हळूच तोंडात घालून पाहिलं. तिला झोप आली की ती उजवा कान ओढते, भूक लागली की रडणं ‘ल’नं सुरू होतं, आणि नुसता कंटाळा असला की रडताना डोळ्यात पाणी नसतं, हे घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यांना कामं होती.

आक्का दुधाची बाटली घेऊन धावायची. मी पलंगावरून म्हणायची, “ऊक न्हाय. झो.” आक्का ऐकायची नाही, बाटली लावायची, दीक्षा ढकलून द्यायची, पाच मिनिटांत झोपायची. असं बऱ्याचदा झाल्यावर आक्का स्वयंपाकघरातूनच विचारायला लागली, “काय पायजे गं हिला?” मी सांगायची. मला चमचा धरता येत नव्हता, पण घरात बाळाचं विचारायचं तर ते मला, इथवर मी आले होते.

मिलिंदशी मात्र भांडण व्हायचं. तो बेळगावहून शनिवारी यायचा. “तू नुसती तिच्याकडं बघत बसतेस. व्यायाम कोण करणार?” रेणुका मॅडमनी तोडगा काढला. जमिनीवर दोन चटया टाकल्या, एकीवर मी, एकीवर ती. “दोघी करा कूस वळायचं. आग्तद, मॅडम, आग्तद.” होईल, होईल.

दीक्षा आधी वळली. एका दुपारी पाय वर घेतले, कंबर फिरवली आणि धपकन पालथी. हात खाली अडकला म्हणून बोंबलली. आक्कानं टाळ्या पिटल्या. मला राग आला. आईला लेकराचा राग? हो, आला. मी दीड महिना तेच करत होते. त्या रागातच मी दात खाऊन अंग फेकलं आणि अर्ध्यावर अडकले. कुशीवर, ना इकडे ना तिकडे. दीक्षा रडायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. मला सोडवायला आक्का आणि मॅडम दोघी लागल्या. पूर्ण वळायला मला अजून बरेच दिवस गेले.

ओठ

सहाव्या महिन्याच्या आसपास तिला नवा नाद लागला. ओठ मिटून त्यातून हवा सोडायची, ‘ब्र्र्र्र्’, थुंकीचे फुगे काढायचे. पेज भरवली की आक्काच्या साडीवर फवारा. आक्का शिव्या घालायची. रेणुका मॅडम म्हणाल्या, “अय्यो, हाच तर तुमचा व्यायाम आहे! हिच्याबरोबर करा.”

मी केला. माझ्या ओठांतून नुसती वाफ जायची, ‘हाऽ’. दीक्षा ब्र्र्र्, मी हाऽ. दीक्षा ब्र्र्र्, मी हाऽ. ती मला शिकवल्यासारखं माझ्या तोंडाकडं टक लावून पुन्हा करून दाखवायची. आम्ही रोज करायचो, दोघींची लाळ गळायची, दोघींना लाळेरं. मिलिंदनं एकदा फोटो काढायला मोबाईल उचलला, मी म्हटलं काढ, मोठा करून लाव. लपवण्यासारखं काय आहे?

आणि एक दिवस खालचा ओठ थरथरला. फुर्र् झालं. अगदी बारीक. दीक्षा थांबली. मी पुन्हा केलं. फुर्र्. ती खदाखदा हसायला लागली, पोट धरता आलं असतं तर धरून हसली असती. मी हसले. आणि आप्पा दारातून म्हणाले, “सुजाता, तुझा गाल हलला गं.”

आरसा मागवला नाही. मला ती समोर दिसत होती, तेवढं पुरे होतं. आठवडाभरात ‘प’ आला, मग ‘ब’, शेवटी ‘म’. मी आप्पांना बोलावून घेतलं आणि मुद्दाम म्हटलं, “पौर्णिमा.” आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि वखारीकडं चक्कर मारून येतो म्हणून बाहेर पडले.

चोरी

मला वाटलं होतं, इथून पुढं सगळं उताराला लागेल. हातात जोर आला. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जाऊ लागले. दीक्षाला मांडीवर घेता येईल असं मॅडम म्हणाल्या. आणि नेमकं तेव्हाच दीक्षाला माणसं कळायला लागली. आपलं कोण, परकं कोण.

मी तिला मांडीवर घेतलं की ती ताठ व्हायची आणि आक्काकडं दोन्ही हात पसरून टाहो फोडायची. लांबून मी तिला चालायची, पलंगावरची टॉक्-बाई म्हणून. उचलून घेणारी आई दुसरी होती.

आक्का ओशाळायची. “अगं तुझी आय हाय ती, अशी काय करत्यास?” तिनं तसं म्हटलं की मला जास्त लागायचं. मी आक्काशी तोडून बोलायला लागले. भाजीत मीठ, बाटली नीट धुतली नाही, काहीही. एके दिवशी तिनं हातातलं दुपटं खाली टाकलं.

“मी काय चोरी केली काय गं? तिकडं माझं घर उघडं टाकून आलोय मी. पोरगं बारावीला हाय, बापल्योक हाटेलात जेवत्यात. तुझ्या पोरीला पोटची म्हणून बघितलं, हे चुकलं माझं?”

मी म्हटलं, “चोरी न्हाय केलीस, आक्का. पण मी तुला ती दिलीबी न्हाय.”

 ती धाडकन खाली बसली आणि हसायला लागली, डोळ्याला पदर लावून. “सरळ बोलायला आलं तुला, तर पयलं हे बोललीस व्हय गं!” मीही हसले. नंतर दोघी रडलो, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तिनं मोरीत पाट टाकला, मला भिंतीला टेकवून बसवलं आणि माझे पाय पसरले. “अंघोळ आतापासनं तू घालायची. पाय पसरूनच तर बसायचं हाय, हुभं कोण ऱ्हा म्हणतंय तुला.” दीक्षाला तिनं माझ्या नडगीवर पालथं टाकलं आणि तांब्यानं कोमट पाणी ओतलं. दीक्षा रडली. आक्का हलली नाही, तिथंच बसून पाणी देत राहिली. ज्या पायांना याच मोरीत फरशी कळेनाशी झाली होती त्या पायांवर माझी पोर होती आणि पाणी गरम आहे हे मला कळत होतं. पाच-सहा दिवस ती रडली. मग पाण्यावर हात आपटायला लागली.

वाढदिवस

वर्षाची झाली तेव्हा भावकी जमली होती. दीक्षा खुर्ची धरून उभी राहत होती, कडेकडेनं सरकत होती. मी काठी घेऊन उभी होते. दीक्षानं गर्दीत इकडंतिकडं पाहिलं, खुर्ची सोडली, दोन पावलं टाकली आणि “आऽई” म्हणत आक्काच्या पायाला मिठी मारली.

 मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “बिचारी.”

मला ते ऐकू आलं. मी वळले, काठीवर वळायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले. “व्हय. तिलाच म्हणाली ती आई. चालत गेली, स्वतःच्या पायांनी. त्यात बिचारं कोण हाय?”

आक्कानं दीक्षाला उचललं नाही. तिथंच खाली बसून तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “केक कापा आता.”

आठ दिवसांनी आक्का काकतीला गेली. तिच्या मुलाची परीक्षा होती. आम्ही तिघं बेळगावच्या घरी आलो, आप्पा निपाणीतच राहिले. कॉलेजला येत्या सत्रापासून रुजू होते म्हणून कळवलं. प्राचार्य फोनवर म्हणाले, “खुर्चीत बसून शिकवाल ना? मुलांसमोर काठी घेऊन उभं राहणं, म्हणजे, तुम्हालाच त्रास.” मी म्हटलं, बसून शिकवेन, पण मग फळा खाली घ्यावा लागेल. त्यांना ती चेष्टा वाटली. मी मोजमापं पाठवली.

फरशीवर

मिलिंदची एक अट होती. कुणी घरात नसताना मी जमिनीवर बसायचं नाही, कारण बसले तर एकटीनं उठता येत नव्हतं. सकाळी एक मावशी यायच्या, त्या दुपारी जात. त्यानंतर तो येईपर्यंत मी पलंगावर आणि दीक्षा तिच्या कठड्याच्या खाटेत.

आक्का गेल्यापासून ती दारापाशी जाऊन उभी राहायची. त्या दुपारी मावशी दीक्षाला खाटेत ठेवायचं विसरून गेल्या, जाताना बाहेरून कडी लावून. दीक्षा रांगत दाराशी गेली, दारावर तळहात आपटायला लागली. “आई. आई. आई.” मला पाठ करून. मी टॉक् केलं. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी काठी घेतली, दारापर्यंत गेले. उभी राहून तिला उचलणं शक्य नव्हतं, वाकले असते तर दोघी पडलो असतो. काठी बाजूला टाकली, दाराशेजारच्या खिडकीचा गज धरला आणि हळूहळू, एक एक हात खाली घेत, फरशीवर बसले. शेवटचा टप्पा बसणं नव्हतं, आदळणं होतं. माकडहाड झणझणलं.

ती माझ्याकडं बघून आणखी जोरात रडली. मी म्हटलं, “रड. मलाबी तिची आठवण येतेय.” तिनं मला ढकललं. मी हलले नाही, हलता येतच नव्हतं. ती दार सोडून माझ्या मांडीवर चढली, उतरली, दाराशी गेली, परत आली. माझा कान धरून ओढला, मग स्वतःचा उजवा कान ओढला. मी पाय पसरले. ती पालथी माझ्या पायांवर आडवी झाली आणि हुंदके देत देत झोपली. तिचं नाक माझ्या गुडघ्यावर घासत होतं.

संध्याकाळी मिलिंदनं कडी काढून दार ढकललं, ते माझ्या खांद्याला लागलं. फटीतून त्याचं तोंड दिसलं, पांढरंफटक.

“पडलीस? सुजाता, कशी पडलीस?”

“पडले न्हाय. बसलेय.”

“खाली कुणी बसवलं तुला?”

“मीच बसले. आणि आवाज हळू कर. आत्ताच झोपलीय ती.”